पाचपैकी चार

ड्रायव्हर: पुन्हा? अगं, परवा तपासलास, काल तपासलास. माझा पाय आहे की तुझा परीक्षेचा पेपर?

विद्यार्थिनी: शेवटचं एकदा, मामा. बूट काढा. मोजासुद्धा.

ड्रायव्हर: फोनवर तर म्हणालीस रिपोर्ट तयार आहे! तुझ्या कॉलेजच्या मॅडमची सही झाली की मी सुटलो. हे बघ डॉक्टरीणबाई, सहा महिन्यांची रजा आज संपली. चारच्या आत कागद डेपोत गेला तर उद्या पहाटेची पहिली गाडी माझी. नाही गेला तर ती कायमची दुसऱ्याची. पाचव्यांदा सांगतोय तुला.

विद्यार्थिनी: माहीत आहे. आणि मी डॉक्टरीण नाही. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मामी: अहो, ती सांगतेय तर काढा ना बूट. एवढा काय वाद घालायचा.

ड्रायव्हर: घ्या! बायको माझी आणि बाजू हिची. हा काढला. आता काय, बुटाचंच तोंड बघत बसणार?

विद्यार्थिनी: उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय.

ड्रायव्हर: जुना झालाय.

विद्यार्थिनी: डावाही तेवढाच जुना आहे ना?

मामी: कसला जुना, ताई! पंधरा दिवसांपूर्वी घेतलाय. महिन्याभरात हा दुसरा जोड. मी यांना म्हटलंसुद्धा, पाय ओढता तुम्ही, म्हणून...

ड्रायव्हर: तू जरा गप्प बसशील?

विद्यार्थिनी: मामी, मामा जिना उतरतात तेव्हा पावलाचा आवाज येतो का?

मामी: येतो की. फट, फट. शेजारीण आतूनच ओरडते, आले वाटतं ड्रायव्हरसाहेब!

ड्रायव्हर: मी गप्प बस म्हटलं ना?

मामी: ती विचारतेय म्हणून सांगतेय. मला काय ठाऊक त्यात लपवण्यासारखं आहे.

विद्यार्थिनी: मामा, इथं टेबलावर बसा. पाय खाली सोडा. आता पाऊल वर उचला. टाच खाली, बोटं तुमच्याकडे.

ड्रायव्हर: हे घे! बघ, कसं उसळलं! ताकद चार. पाचपैकी चार. मी नाही, तूच दिलेस. तुझ्या त्या वहीत लिहिलंयस, तारखेसकट.

विद्यार्थिनी: आता मी टाच हातात धरते. आधी खाली दाबायचं नाही. अजिबात नाही. आहे तिथून नुसतं वर.

ड्रायव्हर: असं कोण उचलतं?

विद्यार्थिनी: उचला, मामा.

(पाऊल जागचं हलत नाही.)

ड्रायव्हर: हललं.

विद्यार्थिनी: अंगठा हलला.

ड्रायव्हर: खोलीत गारठा आहे. पाय आखडलाय.

विद्यार्थिनी: मघाशी घाम पुसत होतात तुम्ही.

मामी: ताई, काय झालं? आत्ता तर येत होतं वर. मी डोळ्यांनी पाहिलं.

विद्यार्थिनी: मामी, जॅक सटकून गाडी यांच्या पायावर आली ना, तेव्हा गुडघ्याजवळची नस चिरडली. पाऊल वर उचलायचं काम त्या नसेचं. पाऊल खाली दाबणारी नस वेगळी. ती धडधाकट आहे. मामा आधी पोटरीनं पाऊल जोरात खाली दाबतात आणि एकदम सोडतात. मग ते आपोआप थोडं वर येतं. दाबलेली उशी फुगते तसं. उचलत नाहीत ते. बघणाऱ्याला वाटतं उचललं.

मामी: म्हणजे नस सुधारली नाही?

ड्रायव्हर: उगाच कीस पाडतेय ती. वर येतं ना पाऊल? झालं तर मग! कुठल्या नसेनं आलं हे काय प्रवासी विचारणार आहेत तिकीट काढताना?

विद्यार्थिनी: मामा, मी आज बसनं आले. मुद्दाम तुमच्या मार्गावरच्या. ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहिले आणि सगळा रस्ताभर त्याच्या पायाकडे बघत होते.

ड्रायव्हर: वेडी आहेस का? त्याला काय वाटलं असेल!

विद्यार्थिनी: बाजाराच्या वळणावर एक बाई दोन पिशव्या घेऊन एकदम आडवी आली. त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरचं पाऊल उचललं आणि ब्रेकवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. ती बाई शिव्या देत निघूनसुद्धा गेली.

ड्रायव्हर: त्या वळणावर हे रोजचंच आहे. मी असतो तर आधीच गाडी हळू केली असती.

विद्यार्थिनी: तुम्ही असतात तर काय केलं असतं, तेच मला सांगा. पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवर आहे. बाई समोर आली. पाऊल वर उचलायचंय. आणि तुमचं पाऊल आधी खाली दाबल्याशिवाय वर येत नाही.

मामी: म्हणजे...

विद्यार्थिनी: म्हणजे थांबवायच्या आधी मामा गाडी पळवणार, मामी.

मामी: अगं बाई!

विद्यार्थिनी: बोला ना, मामा. मला गाडीतलं कळत नाही. मी चुकत असेन तर सांगा. मी आत्ता जाऊन सही घेते.

मामी: अहो, बोला की. ती चुकतेय ना?

ड्रायव्हर: मांडीतून उचलता येतं. अख्खा पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा. मी खुर्चीत बसून सराव केलाय घरी.

मामी: ते पाट मांडून करत होतात, ते हे होय? मला म्हणालात व्यायाम दिलाय!

विद्यार्थिनी: किती वेळ लागतो तसं उचलायला?

ड्रायव्हर: लागतो जरा.

विद्यार्थिनी: जरा म्हणजे?

ड्रायव्हर: काय उलटतपासणी लावलीयस गं? बावीस वर्षं! बावीस वर्षं गाडीला ओरखडा नाही माझ्या. नवी पोरं माझ्या मागे बसून शिकली. आणि आता डेपोचा साहेब मला पासच्या खिडकीत बसवणार. तेही जागा असली तर! लोकांचे फोटो चिकटवायचे पासावर. त्यापेक्षा घरी बसवा म्हणावं. तीन महिने मामा मामा करत होतीस, आणि आज माझ्या पोटावर पाय देतेस!

विद्यार्थिनी: मामा, रडवू नका मला. मला बोलायचं आहे अजून.

ड्रायव्हर: मग काल का नाही बोललीस? परवा का नाही? आज, शेवटच्या दिवशी आठवलं तुला? कधी कळलं तुला हे?

विद्यार्थिनी: तीन आठवडे झाले.

ड्रायव्हर: किती?

विद्यार्थिनी: तीन आठवडे. मी खिडकीत उभी होते आणि तुम्ही खाली अंगणातून चालला होतात. पाऊल आपटत होतं. ज्याला चार आहेत त्याचं पाऊल आपटत नाही, मामा. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात आम्हाला. पाऊल उसळवायची ही चलाखीसुद्धा शिकवतात. रुग्ण असं करतो, नकळत करतो, तेव्हा तपासताना आधी खाली दाबू द्यायचं नाही. मी परीक्षेत लिहिलंय हे. पूर्ण मार्क पडले होते.

ड्रायव्हर: आणि माझ्या वेळी विसरलीस?

विद्यार्थिनी: पहिल्यांदा विसरले. तुम्ही काहीतरी विनोद केलात, मी हसत होते, आणि पाऊल वर आलं. मला इतका आनंद झाला की मी चार लिहून मोकळी झाले. ती चूक होती. पण नंतर तुमची केस मी वर्गासमोर मांडली. मॅडम म्हणाल्या, इतक्या थोड्या दिवसांत एवढी सुधारणा फार क्वचित दिसते, शिका हिच्याकडून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आईनं चारजणींना फोन करून सांगितलं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी खिडकीतून तुम्हाला पाहिलं.

मामी: आणि तुम्ही गप्प बसलात.

विद्यार्थिनी: हो.

मामी: तीन आठवडे.

विद्यार्थिनी: रोज ठरवायचे, आज नीट तपासू. आणि रोज तसंच तपासायचे, मामांना पाऊल उसळवता येईल असं. मग मनाला म्हणायचे, बघ, येतंय की. खरं सांगितलं तर ही केस बाद होणार. कॉलेजचे सहा महिने पुन्हा करावे लागतील, बरोबरीच्या सगळ्या पुढे जातील. मला भीती वाटत होती, मामी. दुसरं काही कारण नाही.

ड्रायव्हर: कमाल आहे. आणि मला वाटत होतं, मीच हिला फसवतोय.

मामी: काय म्हणालात?

ड्रायव्हर: काही नाही.

मामी: मी ऐकलं. म्हणजे तुम्ही हे जाणूनबुजून करत होतात?

ड्रायव्हर: सुरुवातीला नाही गं. आपोआपच झालं. हिनं चार लिहिले, तेव्हा मलाही वाटलं, सुधारला वाटतं पाय. मग एका रात्री पलंगावर बसून हळूच उचलून बघितला. आला नाही. दाबून सोडला, तर आला. तेव्हा कळलं.

मामी: आणि मी गावभर सांगत सुटले! हे बरे झाले, पोरीच्या हाताला गुण आहे! हिच्यासाठी शेजारणींकडून कौतुक गोळा करत होते मी. तुम्ही दोघं इथं बसून एकमेकांच्या डोळ्यांत धूळ फेकत होतात, आणि मी एकटी मूर्खासारखी खरं मानून बसले.

ड्रायव्हर: तुझ्यासाठीच करत होतो ना.

मामी: माझ्यासाठी? माझी बहीण रोज सकाळी तुमच्याच गाडीनं कामाला जाते. तिच्यासाठी काय करत होतात?

ड्रायव्हर: तिचं नाव काढू नकोस.

मामी: का नको? गाडीत बसणाऱ्या सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या बहिणी असतात. तुम्हीच म्हणायचात, गाडी हातात घेतली की मागची पन्नास माणसं आपल्या जिवावर झोपतात. झोपतात ना?

ड्रायव्हर: झोपतात.

मामी: मग?

ड्रायव्हर: पहिल्या गाडीला तर सगळेच पेंगत असतात.

विद्यार्थिनी: मामा...

ड्रायव्हर: थांब. बोलू नकोस जरा. एक विचारतो. आता सरळ सांग, गोड बोलू नकोस. माझा पाय येणार की नाही?

विद्यार्थिनी: माहीत नाही.

ड्रायव्हर: हे काय उत्तर झालं?

विद्यार्थिनी: खरं आहे ते. नस महिन्याला बोटाच्या पेराएवढी वाढते. गुडघ्यापासून खाली यायला वर्ष लागेल, जास्तही लागेल. पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही. पण मामी, इकडे या. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, इथं बोट ठेवा. दाबू नका. मामा, वर उचलायचा प्रयत्न करा. पाऊल नाही आलं तरी चालेल.

मामी: काहीतरी ताठतंय. सुतळी ओढल्यासारखं. अगदी बारीक.

विद्यार्थिनी: तेच. त्याला आम्ही एक देतो.

ड्रायव्हर: पाचपैकी एक?

विद्यार्थिनी: एक. पहिल्या दिवशी शून्य होता.

ड्रायव्हर: म्हणजे तीन महिन्यांत आपण दोघांनी मिळून एक कमावला.

विद्यार्थिनी: मी चार लिहिलं आणि चारच्या पायाला द्यायचे व्यायाम देत बसले. एकच्या पायाचा व्यायाम वेगळा असतो. पाऊल पडू नये म्हणून पट्टी लावायची असते, ती मी चार लिहिले त्याच दिवशी काढून टाकली. पट्टी असती तर पाऊल आपटलं नसतं. मामा, तुमचं नुकसान झालंय माझ्यामुळे. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, मॅडमच्या आधी.



मामी: डोळे पुसा, ताई. हे घ्या.

ड्रायव्हर: ऐक. मॅडमला सांग, म्हातारा लबाड निघाला. त्यानं बनवलं मला. मी हो म्हणतो. माझं काय जायचंय आता? कागद तर हुकलाच. तुझे सहा महिने तरी वाचतील.

विद्यार्थिनी: नको.

ड्रायव्हर: अगं, खोटं थोडंच आहे? मी बनवलंच तुला.

विद्यार्थिनी: बनवलंही असेल. हे तीन आठवडे तुमच्यावर नाही ढकलणार मी.

ड्रायव्हर: मोठी हट्टी आहेस. नापास करतील.

विद्यार्थिनी: करू देत.

ड्रायव्हर: घरी काय सांगशील? चार फोन केलेत तुझ्या आईनं.

विद्यार्थिनी: माहीत नाही, मामा.

मामी: यांनाही डेपोत तोंड दाखवायचंय चारला. मी जाते यांच्याबरोबर. तुमच्याबरोबर कोण आहे?

विद्यार्थिनी: कुणी नाही. तुम्ही बाहेर बसा, मामी. मॅडम चिडल्या की कुणाचं ऐकत नाहीत. उगाच तुमच्यासमोर...

ड्रायव्हर: मी नाही जात बाहेर. तीन महिने तू खाली बसून माझं पाऊल हातात धरलंस. घटकाभर मी तुझ्या शेजारी बसलो तर काय बिघडलं? बोलणार नाही मी. शपथ.

मामी: तुम्ही आणि बोलणार नाही!

ड्रायव्हर: आल्या वाटतं मॅडम. चपलांचा आवाज येतोय.

विद्यार्थिनी: या, मॅडम. नाही, पेन नको अजून. आधी बसा ना तुम्ही.