अकरा की सहा? माझं एकच गेलंय!

नाही, पण माझं म्हणणं एवढंच, की माणसाची इंद्रियं अकरा असोत नाहीतर सहा, माझं एकच गेलंय हो! नाक! म्हणजे तोंडावर आहे, चष्मा त्यावरच बसतो, पण वास म्हणून येत नाही... आणि तुम्हाला सांगतो, साबणाच्या कारखान्यात मी वीस वर्षं करतो काय? तर वास घेतो! वडी नाकाला लावायची, 'पास' म्हणायचं, पुढची. सर्दी आली, सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. तीन आठवडे नुसतं वेष्टन वाचून 'अहाहा, गुलाब!' म्हणतोय! कळलं तर नोकरी गेली, आणि या वयात हे नाक घेऊन जाऊ कुठे? बायको हाय खाईल म्हणून तिला नाही, मेव्हण्याला सांगितलं. शेजारचे मास्तर तिथेच बसलेले.

झालं! मेव्हणा म्हणतो, "भावोजी, ज्ञानेंद्रियं पाच, कर्मेंद्रियं पाच, अकरावं मन. ते आवरा!" मास्तर भडकले, "अकरा कुठली? आमच्या बुद्धांनी सहा सांगितली, सहावं मन! वास आला तर आला म्हणा, नाही तर नाही म्हणा, पदरचं घालू नका!" "अहो, तुम्ही हातपाय मोजलेच नाहीत!" "हातपायांनी वास घेतोस का रे?"... अहो, माझं एकच गेलंय हो!

परवा साहेबांनी आम्हा तिघा वास घेणाऱ्यांना बोलावलं. समोर तीन वड्या, आणि वेष्टन नाही! वाचू काय, कपाळ? पहिला म्हणाला, "गुलाब." दुसरा, "गुलाब, किंचित लिंबू." माझी पाळी! मन आवरतोय, आवरतंय कुठलं? गुलाब म्हण, लिंबू म्हण... शेवटी मास्तर आठवले. डोळे मिटले, म्हटलं, "साहेब, वासच नाही."

संपलं म्हटलं सगळं... तर साहेबांनी मिठीच मारली! "शाबास! मुद्दाम बिनवासाच्या ठेवल्या होत्या!" मी म्हणतोय, "साहेब, तसं नाही, मला..." ऐकतो कोण? मुख्य परीक्षक केलं मला! आता तर खरं सांगायचीही सोय राहिली नाही.

घरी हे दोघे आहेतच. "सहावं जिंकलं!" "अकरावं!" तेवढ्यात बायको बाहेरून आली, थेट स्वयंपाकघरात, आणि पातेलं घेऊन दारात उभी. दूध करपून कोळसा! या दोघांची नाकं धडधाकट, एकाला पत्ता नाही, आणि ओरडली कोणावर? "एवढे मुख्य परीक्षक, आणि घरातलं दूध करपलेलं कळत नाही?"

अगं, माझं एकच... कसं सांगणार? म्हटलं, "मन थाऱ्यावर नव्हतं गं."

तर हे दोघे एका सुरात, "बघा! सांगत नव्हतो?"

घ्या! झालं एकदाचं एकमत!