जुलैमधला नाताळ

डिसेंबरात आमच्या ओंटारिओतल्या गावच्या टपाल कचेरीत रांग लागते, आणि रांगेत मोठ्याने बोलणाऱ्यांचे ऐकणे हा मी माझा हक्क समजते. माझ्यापुढे सुतारकाम करणारा रसेल आणि लवकरच नोकरीसाठी टोरोंटोला निघालेली ब्रिजेट उभे होते.

"काल टीव्हीवर आपल्या गावात उन्हाळ्यात चित्रित झालेला तो नाताळचा सिनेमा पाहिलास?"

"पाहिला. जुलैच्या उन्हात लोकरी कोट घालून गर्दीत घाम पुसणारा तूच ना?"

"मीच. बर्फ साबणाचा, कुणाच्या तोंडून वाफ नाही. आणि त्यातली मुलगी आठवड्याभरात शहरातली नोकरी सोडते. काहीच्या काही."

"मग रडलास कशाला? तुझी आई सांगत होती."

"शेवट चांगला होता. नायक तिला मनातलं बोलून टाकतो."

"तेही शेवटच्या जाहिरातींच्या आधी. काहींना वेळेचं भान असतं, रसेल."

"पण तो तिला थांबायला सांगतो. ते नाही पटलं."

"का?"

"तू टोरोंटोच्या नोकरीसाठी किती खपलीस, ते मी पाहिलंय."

"मग तू काय सांगितलं असतंस?"

"सांगितलं नसतं. विचारलं असतं."

"काय?"

"टोरोंटोत सुताराला काम मिळतं का?"

खिडकीवरून त्यांना हाक आली, तरी दोघे जागचे हलले नाहीत. मी पुढे गेले नाही, आणि मागच्या कुणालाही जाऊ दिले नाही.