अठरावं रीळ

नाही, तुम्हीच सांगा, एक बाई सायकलीत हवा भरते, यात न कळण्यासारखं काय आहे? बी.ए. व्हावं लागतं का त्यासाठी? मी झालोय, ते सोडा! पण आमचे प्रोड्यूसर गुरुमूर्ती म्हणाले, "तंबी, लोकांना नाही कळायचं." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, बरं का, लाडानं म्हणतात आणि मग गळा कापतात. तुम्हाला सांगतो, या मद्रासेत सिनेमे निघतात ढीगभर, पण सिनेमा कळतो कुणाला?

अहो, ती हवा माझ्या आत्याची आहे! विशालाक्षी आत्या, वेस्ट मांबलमला आमच्याच घरी असते. नवरा एक्केचाळीस साली रंगूनला नोकरीवर गेला, मागोमाग लढाई पेटली, माणूस नाही की पत्र नाही. वीस वर्षं! त्याची सायकल तेवढी राहिलीय. दर शुक्रवारी न्हाऊन आत्या तिच्यात हवा भरते. विचारलं तर आपल्या तंजावरी मराठीत म्हणते, "रबर वाळते रे रंगा. ते आलेवर कचेरीस चालत जातील काय?" ...संपलं! हाच आमच्या सिनेमाचा शेवट. मीच लिहिला, असिस्टंट डायरेक्टर मी. गाणं नाही, डायलॉग नाही, नुसता पंपाचा आवाज... फुस्स... फुस्स... आणि अंधार.

मदुरैच्या वितरकानं पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! नवरा कुठंय? बायका तीन तास नवऱ्याची वाट बघत बसतील, आणि तुम्ही त्यांना पंप दाखवणार?" झालं! गुरुमूर्तींनी चार दिवसांत दुसरा शेवट काढला. नवरा बोटीतून उतरतो, मोटारीतून गल्लीत येतो, आणि त्याच्या मागं सोळा सायकलींवर सोळा मुली... नाचत! सायकलीवर नाचतात कशा, ते मला विचारू नका, पडल्यावर उचलायला मीच होतो. आणि त्या शेवटावर सिनेमा धो धो चालला! आता बोला, कळतो कुणाला?

आणि अशात आलं ऑस्करचं! परदेशी भाषेतल्या सिनेमांसाठी ते बक्षीस असतं, देशातर्फे एक सिनेमा जातो, अख्ख्या देशातून एकच, आणि दक्षिणेतले सिनेमे बघायला पाच जणांची समिती येणार, आमचाही बघणार. माझी आत्या अमेरिकेला जाणार, आणि तिच्या मागं सोळा सायकली? मी गुरुमूर्तींकडे गेलो, म्हणालो, "सार, पाया पडतो, पंपाचा शेवट लावा." ते पानाला चुना लावत म्हणाले, "बघू या." आता एखादा प्रोड्यूसर "बघू या" म्हणाला, तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो.

समितीचा खेळ सकाळी दहा वाजता, एग्मोर स्टेशनाजवळच्या एका छोट्या थिएटरात. अठरा रिळं. वर मशीन चालवायला नारायणस्वामी... तोंडात कायम पान, वीस वर्षांत कुणाशी एक वाक्य बोललेला नाही. सिनेमा सुरू झाला. बाराव्या रिळाला समितीचे अध्यक्ष चष्मा काढून डोळे पुसायला लागले! पंधराव्याला पाची जण मुंगी चालली तरी ऐकू येईल असे गप्प. आणि मला काय दिसत होतं? मोटार! ती मोटार येणार आणि सगळ्यावर पाणी फिरणार!

मी उठलो. वर गेलो. खोलीबाहेर डबे रचलेले, एकावर '१८', दुसऱ्यावर '१८ जुना', म्हणजे माझा पंप. दाराच्या फटीतून नारायणस्वामीची पाठ दिसत होती. अठराचं झाकण उघडेना... नखं मोडली... उघडलं, तर केवढ्यानं किंचाळलं! आत तो खोकला. मी या डब्यातलं रीळ त्या डब्यात, त्यातलं यात... बघायला वेळ कुठला? लेबल होतंच की! झाकण लावतोय तोवर हा दारात.

"एन्नप्पा?" म्हणजे, काय रे बाबा?

"काही नाही. जरा वारा खायला."

खाली येऊन बसलो. सतरावं संपलं. पडद्यावर गल्ली आली... दार आलं... आता पंप, आता पंप... आणि बोटीचा भोंगा! मोटार! सोळाच्या सोळा!

अध्यक्ष जाताना म्हणाले, "सतरा रिळांपर्यंत मनात नक्की केलं होतं, हाच पाठवायचा. पण गुरुमूर्ती, शेवटी हे काय केलंत हो?" आणि मोटारीत बसून गेलेसुद्धा.

गुरुमूर्ती तरातरा वर गेले, मी मागं. "नारायणस्वामी! सकाळी माझ्यासमोर अठराच्या डब्यात पंपाचं रीळ घातलंस ना?"

ऐकताय ना? पंपाचं! त्यांनी स्वतः! सकाळीच!

नारायणस्वामीनं पान थुंकलं. "घातलं होतं, सार."

"मग या पोरी आकाशातून पडल्या? डोळे गेले तुझे! उद्यापासून येऊ नकोस."

म्हातारा कमरेच्या किल्ल्या सोडायला लागला. गाठ सुटेना... आणि मी? मी गप्प राहू शकलो असतो हो! रीळ बदलताना कुणी पाहिलं नव्हतं. एक क्षण राहिलोही. खोटं कशाला सांगू, चांगला लांबलचक क्षण होता तो.

"सार, मी बदललं."

"का?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुम्हाला सिनेमा कळत नाही."

मग नारायणस्वामीनं किल्ल्या परत कमरेला खोचल्या आणि म्हणाला, "विचारायचं होतंस, तंबी."

मला काढलं असेल, असं वाटलं ना तुम्हाला? काढलं असतं तर सुटलो असतो! आता गुरुमूर्ती प्रत्येक सिनेमाचे मुद्दाम दोन शेवट काढतात. मला पहिल्या रांगेत बसवतात, दोन्ही दाखवतात, आणि चारचौघांत विचारतात, "तंबी, तुला कुठला बरा वाटला?" मी जीव तोडून सांगतो, अर्धा अर्धा तास! ते मान डोलावत शेवटपर्यंत ऐकतात, "वा" म्हणतात... आणि दुसरा लावतात. भांडलो असतो हो मी, पण चालतोच तो मेला!