ओळखीचा रकाना

दिनांक ३ जून, बुधवार. वेळ दुपारी १२ वाजून ५० मिनिटे.

नाव सोबत जोडलेल्या पासपोर्टच्या प्रतीवर आहे तेच. वय ४७ वर्षे. धंदा घरकाम, शिवणकाम येते. राहणार कालव्यालगतच्या पाच मजली इमारतीत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली. घरात अन्य कोणी नाही.

मला कोणी बोलावलेले नाही, मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे. इथली भाषा मला कामापुरती येते. परंतु या बाबतीत शब्दाचा घोळ नको म्हणून ठाण्याने बोलावलेल्या दुभाषी बाईंसमोर, माझ्या भाषेत, समक्ष सांगते की,

मी अकरा वर्षांपूर्वी पतीबरोबर या देशात आले. पती छापखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करत. माझा परवाना 'पतीवर अवलंबून' या प्रकारचा आहे. त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही, म्हणून मी केली नाही. आम्हाला मूलबाळ नाही. पतींचा स्वभाव कमी बोलण्याचा होता. घरी कोणी आलेले त्यांना खपत नसे. मला त्यांचा त्रास काही नव्हता. हे विचारले म्हणून सांगितले.

गेल्या वर्षी ९ नोव्हेंबर रोजी सकाळी पती कामावर असताना छातीत कळ येऊन वारले. मला फोन ११ वाजून ५ मिनिटांनी आला. अंत्यविधीला छापखान्यातले चौघे आले होते. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला विचारले, "ह्यांचं लग्न झालं होतं?" मी शेजारीच उभी होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवाना कार्यालयाचे पत्र आले. पती हयात नसल्याने सहा महिन्यांच्या आत परवान्याचा दर्जा बदलून घ्यावा, अन्यथा देश सोडावा, असा मजकूर होता. मी भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "ये की, मी कुठं नाही म्हणतोय. पण वरची खोली आता पोराला दिलीय, तुझी सोय कुठे लावायची ते बघावं लागेल." ते बघून फोन करतो म्हणाला होता.

बाजाराच्या गल्लीतील कपडे उसवून बेतून देणाऱ्या दुकानाच्या मालकिणीने, दर्जा बदलला तर कामावर घेईन, असे लिहून दिले. अर्ज मात्र मला भरता येईना. कार्यालयातील खिडकीवरच्या मुलीने सांगितले, की वॉर्डाच्या ग्रंथालयात मंगळवारी तीन ते पाच एक गृहस्थ लोकांना अर्ज भरायला मदत करतात, ते तुमच्या भाषेत बोलतात. सर्वजण त्यांना 'अर्जवाले काका' म्हणतात. मीही काकाच म्हणत असे. मी त्यांच्याकडे प्रथम ६ जानेवारी रोजी गेले.

काका वर्तमानपत्रांच्या कपाटामागे छोट्या टेबलाशी बसत. ते काही घेत नसत. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "पेन्शन आहे. आणि हे काम नाही, ही खोड आहे." त्यांची पद्धत अशी, की आधी सगळे पेन्सिलीने स्वतः लिहायचे आणि मग अर्जदाराने घरी जाऊन त्यावर शाईने गिरवायचे. ते म्हणत, "बाई, सरकारला तीन गोष्टींचं वावडं. खाडाखोड, रिकामा रकाना आणि 'माहीत नाही'."

ग्रंथालयाच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे चौदा भेटी आहेत आणि अर्ज सहा पानांचा आहे, तर इतक्या भेटींत काय चालले होते, असे ठाणे अंमलदार यांनी विचारले. त्यावर सांगते, की अर्ज पाचव्या भेटीत होण्यासारखा होता. मी जाणूनबुजून एखादा रकाना कोरा ठेवत असे, म्हणजे पुढच्या मंगळवारी जाता येई. २४ फेब्रुवारीला मी जन्मस्थळाचा रकाना कोरा ठेवला होता. काकांनी चष्म्यावरून बघितले.

"बाई, जन्माला कुठं आलात हेच विसरलात की काय?"

मी म्हणाले, "स्पेलिंगची शंका होती."

ते म्हणाले, "असं होय. मग आज एवढंच करू. घाई कुठं आहे?"

त्या एका शब्दाला पाऊण तास लागला. त्यांना कारण कळले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. अर्जात जे विचारलेले असे तेच ते विचारत. शाळा कोणती, वडील काय करायचे, लग्न कधी झाले, कोणकोणत्या पत्त्यांवर राहिलात. मी सांगत असे. अकरा वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. इतर कोणतेही संबंध नव्हते.

पान पाचवर ओळखीचा रकाना आहे. नात्यात नसलेल्या, किमान तीन वर्षे ओळखणाऱ्या दोन रहिवाशांची नावे, पत्ते आणि सह्या त्यात लागतात. काका म्हणाले, "हा सोपा. दोन नावं घेऊन या, आपण लिहून टाकू."

मी ११ मार्च रोजी सकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजारीण बाईंकडे गेले. आम्ही अकरा वर्षे जिन्यात एकमेकींना नमस्कार करतो. त्यांनी दार अर्धे उघडले आणि विचारले, "तुम्ही नक्की कुठल्या मजल्यावरच्या?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "सही वगैरे नको बाई, उगाच लचांड." त्या वागल्या त्यात वावगे काही नाही. पतींच्या मुकादमांना फोन केला. ते म्हणाले, मी तुमच्या मालकांना ओळखायचो, तुम्हाला मी बघितलेलं एकदाच, आणि तेव्हा तुम्ही रडत होतात.

कोपऱ्यावरच्या कपडे धुण्याच्या दुकानातील बाईंनी मात्र लगेच सही केली. त्या म्हणाल्या, "ओळखते म्हणजे काय! अकरा वर्षं तुमच्या चादरी बघतेय. माणसाचं सगळं चादरीत कळतं." त्यांची सही खरी आहे. त्यांना यात ओढू नये.

दुसरे नाव मिळेना. मी आणखी तीन मंगळवार रिकाम्या हाताने गेले. ७ एप्रिलला काका म्हणाले, "मी करतो सही. पण माझी ओळख तीन महिन्यांची, मी तीन महिनेच लिहिणार. तीन वर्षं मागतात हे खरं, पण कमी का ते एका पत्रात नीट लिहू. अकरा वर्षं घरात राहिलेल्या बाईला माणसं कुठून मिळणार, हे कळण्याइतकी माणसं तिथंही असतील."

मी म्हणाले, "आणि नसली तर?"

ते म्हणाले, "तर पुन्हा अर्ज करू. मी कुठं जातोय?"

त्या रकान्यात आकड्यासाठी एक चौकट आहे आणि पुढे 'महिने' व 'वर्षे' अशा दोन छोट्या चौकटी आहेत. काकांनी पेन्सिलीने ३ लिहिले, 'महिने' वर पेन्सिलीने खूण केली आणि खाली शाईने सही केली. नाव व पत्ताही शाईने लिहिला. मग कारणाचे पत्र लिहून दिले.

त्याच दिवशी संध्याकाळी ६ च्या सुमारास मी घरी टेबलाशी बसून सर्व पाने शाईने गिरवली. पान पाचवर आले तेव्हा पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसली आणि 'वर्षे' च्या चौकटीत शाईने खूण केली. काकांचे पत्र लिफाफ्यात घातले नाही. ते पत्र मी आज हजर केले आहे. ही खूण मी केली. काका तिथे नव्हते आणि त्यांना मी ते कधीही सांगितले नाही. कागद उजेडाकडे तिरका धरला तर पुसलेली खूण दिसेल. माझ्या हस्ताक्षराचा नमुना घेण्यास माझी हरकत नाही.

असे का केले, असे विचारले. दुसऱ्यांदा अर्ज करायला सहा महिने पुरले नसते. आणि ती खूण करताना मला ते फार खोटे वाटले नाही. एवढेच सांगते.

अर्ज ९ एप्रिलला टपालाने पाठवला. त्यानंतर ग्रंथालयात जायला काही कारण उरले नाही, म्हणून मी गेले नाही. मंगळवारी तीन वाजता मी कालव्याच्या कडेने चालून येत असे. ग्रंथालय त्या रस्त्यावर आहे, पण वर्तमानपत्रांचे कपाट रस्त्यावरून दिसत नाही.

१ जूनला कार्यालयाचे पत्र आले, की दुसऱ्या ओळखदाराबाबत विसंगती आढळली असून चौकशी चालू आहे. मी काल, २ जूनला, तीन वाजता ग्रंथालयात गेले. टेबल होते, खुर्ची कपाटाला लावून ठेवली होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "ते यायचे बंद झालेत. पोलीस येऊन नोंदवही घेऊन गेले. आता कोणाला अर्ज भरून देऊ नका म्हणून त्यांना ताकीद दिलीय."

काकांचा पत्ता माझ्याजवळच्या अर्जाच्या प्रतीवर होता. आज सकाळी ११ वाजता मी तिथे गेले. दार त्यांच्या मुलीने उघडले. मी कोण ते सांगितल्यावर ती उंबऱ्याबाहेर आली आणि तिने मागे दार ओढून घेतले. आमचे झालेले बोलणे आठवते तसे सांगते.

ती म्हणाली, "तीन वर्षं कुठून आणलीत तुम्ही? बाबांना या देशात येऊनच सव्वादोन वर्षं झालीत."

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"चौदा वेळा भेटलात ना त्यांना?"

मी म्हणाले, "हो."

"मग? आई गेल्यावर मी त्यांना इकडं आणलं, त्यांचाच राहण्याचा अर्ज अजून अडकलाय. हे माहीत नव्हतं? दुसऱ्याचे अर्ज भरत बसायचे कारण घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं, हेही माहीत नव्हतं?"

मी काकांना त्यांच्याबद्दल कधी काही विचारले नव्हते. ते इथे कधी आले, घरी कोण आहे, काहीच. अर्ज माझा होता, म्हणून माझ्याबद्दलच बोलणे होत असे.

मुलगी पुढे म्हणाली, "पोलिसांना त्यांनी काय सांगितलंय माहितीये? 'माझाच हात चुकला.' चाळीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, एका कागदावर हात चुकला नाही त्या माणसाचा. मला कळत नाही होय ते कोणाला वाचवतायत ते? उद्या त्यांची सुनावणी आहे. खोटी साक्ष दिली म्हणून परत पाठवलं तर तिकडं कोण आहे त्यांचं?"

तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, "कोण आलंय गं?" मुलगी म्हणाली, "कोणी नाही, बाबा." मी जिना उतरले. तिथून कुठेही न थांबता चालत ठाण्यात आले. ठाण्यात पोचले तेव्हा १२ वाजून १० मिनिटे झाली होती.

तरी माझे सांगणे असे, की काकांनी खरे तेच लिहिले होते आणि खोटे मी केले. त्यांचा हात चुकलेला नाही. त्यांचा जबाब माझ्यासाठी दिलेला आहे, तो धरू नये. माझ्या अर्जाचे काय व्हायचे ते कार्यालय ठरवील, असे अंमलदारांनी समजावून सांगितले. अर्ज बहुधा फेटाळला जाईल आणि पुढची तारीख मिळेपर्यंत मला शहर सोडता येणार नाही, हेही सांगितले. ते मला समजले आहे. भावाला कळवायचे आहे का, असे विचारले. मी नको म्हणाले.

अंमलदारांनी माझ्यासमोर अर्जाची मूळ प्रत मागवून खिडकीशी धरून पाहिली. पुसलेली खूण त्यांना दिसली. त्यांनी वरिष्ठांशी बोलून काकांच्या घरी फोन लावला. दुभाषी बाईंना ऐकू यावे म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता. फोन मुलीने घेतला. उद्याच्या सुनावणीला यायची गरज नाही, वडिलांवरचा ठपका काढत आहोत, असे तिला सांगण्यात आले. मग तिने आभार मानले. मागून काका विचारत होते, "काय झालं? कोणी सांगितलं त्यांना?" मुलगी म्हणाली, "त्या बाई गेल्यात तिथं."

त्यानंतर काकांनी फोन घेतला. ते आमच्या भाषेत म्हणाले, "साहेब, त्या समोर आहेत का तुमच्या? त्यांना सांगा की..." एवढ्यात मुलगी, "बाबा, पुरे आता, द्या इकडं," असे म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुभाषी बाईंनी 'त्यांना सांगा की' इथपर्यंत भाषांतर करून दिले. मी अंमलदारांना विचारले, की पुन्हा फोन लावता येईल का. प्रकरण चालू असेपर्यंत आम्हा दोघांना एकमेकांशी बोलता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. काय सांगायचे होते ते अर्धेच राहिल्याने इथे लिहिता येत नाही.

दुभाषी बाईंनी हा जबाब पहिल्या ओळीपासून मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. कोणी धाक घातला नाही, आमिष दाखवले नाही. चारही पानांवर मी स्वतः शाईने सही केली आहे.

समक्ष, ठाणे अंमलदार. वेळ दुपारी ३ वाजून २० मिनिटे.