जमिनीवर लोळणारी साडी

ऐका. पर आधी तो टीव्ही बंद करा. आवाज कमी नको, बंद म्हंजे बंद! हां.

आमचा हणमा, माझ्या चुलतदिराचा ल्योक, बाजाराला गेलता. येस्टी चुकली. निघाला रातचा पायी, ओढ्याच्या वाटंनं. चांदणं होतं. बाभळीपाशी आला, तर म्होरं बायको उभी! पारू. तीच निळी चमचमती साडी. त्या साली मालिकेतल्या सुनंनं नेसली, अन् गावातल्या समद्या बायांनी तसलीच आणली. पार जमिनीवर लोळणारी! आमच्या लुगड्यात पाय उघडे दिसायचे. रातीला बाई भेटली, की गडी आधी पाय बघायचा. हडळीचे पाय उलटे असत्यात, ठावं हाय ना? आता काय बघणार? कपाळ!

अन् ती म्हणती कशी, "हणमंत!" नवऱ्याचं नाव! भर वाटंवर! आमच्या येळंला एवढ्यावरच गडी पळाला असता. ह्यो येडा खूश झाला. पारूला बी टीव्ही बघून नवऱ्याला नावानं हाक मारायचं खूळ लागलंच होतं की.

मग तिनं हात धरला. वाट सोडून ओढ्यात उतरली. ह्यो मागं. पाणी घोट्याला लागलं. म्होरं डोह, हत्ती बुडंल एवढा! अन् ह्याला काळजी कशाची, तर साडीची. "अगं, नवी साडी भिजली की!" वाकला, अन् सोत्ताच काठ उचलला.

तिचं तोंड डोहाकडं, अन् पायाची बोटं ह्याच्याकडं!

आरडला! मनगट सुटंना. वढतीया, वढतीया. पाणी कमरंला आलं. बाभळीची फांदी घावली, ती काट्यासकट धरली. तळहात फाटला, पर सुटला. पळाला नुसता!

घरी दार वाजवलं. पारूनं उघडलं. तीच साडी. "हणमंत, कुठं होता?"

ह्यानं दगड उचलला. "पाय दाखव आधी! न्हाईतर डोकं फोडीन!"

आळी गोळा झाली. पारूनं समद्यांदेखत साडी वर केली. पाय सरळ होते. म्हणली, "चौदा वरसं संसार केला. माझं तोंड बघून वळखू आली न्हाई व्हय मी?"

सकाळच्या गाडीनं माहेरी गेली. अजून आली न्हाई.

मी बी मधी पडले, टीव्हीला लाख शिव्या दिल्या. पर शेवटी हणम्यालाच म्हणलं, "पारूचं खरं हाय."

तवा ओढ्याच्या वाटंनं कुणी जायचं न्हाई. अन् गेलातच, तर घरच्या माणसाचं तोंड आधी नीट बघून जावा.