तिसरी पुकार

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो. खरं सांगा हं, पाळकसाहेब बसलेत म्हणून लाजू नका! तुम्ही जास्त कोणाला भिता? देवाला, की मागच्या बाकावरच्या मार्थाकाकूला?

हसलात! म्हणजे तुमच्याही चर्चमध्ये एक मार्थाकाकू आहेच.

तर ऐका. प्रवरेकाठचं एक गाव. नाव सांगत नाही — तिथले दोघे-तिघे समोरच बसलेत! त्या गावात तबीथाबाई घोरपडे. विधवा, शिवणकाम करणारी. महिला मंडळाची अध्यक्ष. घरात एकुलती एक मुलगी, करुणा. वय एकोणतीस. सात स्थळं पोहे खाऊन गेली, एकाचाही निरोप नाही.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक नावं वाचतात आणि विचारतात, 'कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी.' मग सगळे गप्प! त्या वेळी मनात काय चाललेलं असतं? जेवणात मटण आहे की कोंबडी!

पहिल्या रविवारी पुकार झाली — शमुवेलराव दुशिंगांची मुलगी सुवार्ता आणि आमोस पाटोळे. नवरदेव पुढच्याच बाकावर. त्यानं मान वळवली, आणि तबीथाबाई टक लावून बघतच राहिली!

हा चेहरा तिनं पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी, जालन्याला, बहिणीकडे. एका बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळाला कडेवर घेऊन उभा होता तो हाच! शेजारी त्याची बायको, येमिमा. आणि बाळाच्या अंगातलं पांढरं झबलं? तबीथाबाईनंच शिवलेलं!

'कोणाची हरकत?'

बाई अर्धी उठली. मागून मार्थाकाकू कुजबुजली, "काय गं, पाय अवघडला?"

"हो गं बाई," म्हणाली — आणि बसली.

का बसली? अहो, हिशोबी बाई! एका क्षणात तिनं सगळ्या चर्चचं बोलणं मोजून टाकलं. स्वतःची पोर उजवली नाही, म्हणून दुसरीच्या लग्नात खोडा घालते! करुणाला आठवं स्थळ तरी येईल का मग?

घरी जाऊन जालन्याला फोन लावला. मनात आशा एकच — गेली असेल बिचारी येमिमा! बघा मंडळी, माणूस भ्याला की काय काय इच्छितो! बहीण म्हणाली, "येमिमा? अगं, कालच गिरणीत भेटली. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो म्हणते."

संपलं. आता 'मला नक्की माहीत नाही' ही पळवाटही बंद!

मंगळवारी ती दुशिंगांकडे गेली. वाटेत वाक्य पाठ केलेलं. सुवार्ताच्या आईनं बशीत लाडू ठेवला, हात हातात घेतला. "तबीथाबाई, मन छोटं करू नका. करुणाचंही होईल हो!"

वाक्य लाडवाबरोबर गिळलं.

दुसरा रविवार. 'कोणाची हरकत?' बाईनं गीताचं पुस्तक असं तोंडासमोर धरलं, जणू अक्षरं आजच शिकतेय!

त्या आठवड्यात तिची प्रार्थना बंद पडली. गुडघे टेकायची, डोळे मिटायची — आणि दिसायचं काय? प्रभू? नाही! बाकांच्या रांगा! एकेक चेहरा तिच्याकडे वळलेला. तेव्हा तिनं स्वतःलाच विचारलं, इतकी वर्षं मी नमस्कार कोणाला घालत होते?

म्हणा माझ्याबरोबर —

*जनांचिया मुखा भ्यालो दिनरात,*
*तुझ्या मुखाकडे, ख्रिस्ता, पाहिलेच नाही!*

शनिवारी सुवार्ता लग्नाचं ब्लाउज घालून बघायला आली. मापानं शिवलेलं, तरी दंडात दोन बोटं सैल; पोर वाळली होती. तबीथाबाई टाचण्या लावत होती. पोर हळूच म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. त्यांच्या घरचं कोणीच येत नाही. विचारलं की चिडतात. आईला बोलले, तर म्हणते, दोन पुकारा झाल्या, आता लोक काय म्हणतील?"

टाचणी बोटात घुसली.

"तुम्ही प्रार्थना करणाऱ्या आहात, मावशी. माझ्यासाठी करा ना!"

तिसरा रविवार! तबीथाबाई आपल्या बाकावर. समोर वधस्तंभ. रोजच पाहायची, आज पाहिला. त्यावर टांगलेल्या माझ्या प्रभूला खालून लोक काय काय बोलत होते! माना हलवून, हसून, नावं ठेवून! लोकांसाठी तो खाली उतरला असता, तर आपलं काय झालं असतं?

'कोणाची हरकत असल्यास...'

"माझी आहे."

एकशे बारा माना वळल्या! भीती गेली होती का? छे! बाकाची कड धरून उभी राहिली, पण उभी राहिली!

"यांची बायको जालन्याला आहे. येमिमा. पोरगाही आहे. बाप्तिस्म्याचं झबलं मी शिवलंय."

"जळते मेली!" मार्थाकाकू चांगली मोठ्यानं.

"म्हणा, काकू. जळते म्हणा. पण जालन्याला विचारा."

पाळकसाहेब आमोसकडे वळले. "हे खरं आहे?"

आमोस उठला, आणि भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडला.

तरी तबीथाबाईजवळ कोणी गेलं? कोणी नाही! शेजारचीनं पदर आवरून अंतर केलं. अहो, खरं बोलणाऱ्याजवळही बसायला भीती वाटते लोकांना! शमुवेलराव तर मान खाली घालून बसले होते.

मग पुढच्या बाकावरून सुवार्ता उठली. आई पदर ओढत होती, तो सोडवला. सगळ्या माना वळलेल्या असताना मधल्या वाटेनं चालत आली आणि तबीथाबाईला चिकटून बसली. दोघींचे हात थंडगार. एकीनं दुसरीचा घट्ट धरला.

करुणाला आठवं स्थळ आलं का, विचारताय? मला माहीत नाही. विचारलंतच ना? बघा, तुम्हीही मार्थाकाकूच!

आता घरी जा, मंडळी. कोणीतरी तुमच्या तोंडाकडे बघून थांबलंय, आणि काय बोलायचं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. एकच सांगा मला. तुमचा हा कितवा रविवार?