पलंगापासून टेबलापर्यंत

मीना : कीबोर्डचे सेल बदलले गं. दुकानातून आत्ताच आणलेत, नवे. तरी पडद्यावर एक अक्षर उठत नाय.

हर्षाली : आई, उलटे तर नाही ना बसले? स्प्रिंगकडे सपाट बाजू हवी.

मीना : सपाटच हाय. टॉर्चमध्ये मीच घालते ना सेल? तू पुढचं सांग.

हर्षाली : अण्णा काय करतायत?

मीना : पलंगावर टेकून बसवलंय. कीबोर्ड मांडीवर. डाव्या हाताचं बोट मारतात, पडद्याकडं बघतात. परत मारतात, परत बघतात. मला बघवत नाय.

हर्षाली : मग आजच कशाला हवंय सगळं? शनिवारी मी पुण्याहून येतेच आहे. मी बघते काय झालंय ते.

मीना : शनिवारी उशीर होईल. तुझे चिमाजीकाका आज गाडी घेऊन येतायत घोटीहून. अण्णांना न्यायला.

हर्षाली : न्यायला म्हणजे? कायमचं?

मीना : तसंच म्हणाले. काल फोन आला होता. म्हणाले, वहिनी, नाशिक रोडच्या दोन खोल्यांत दादाचं काय होणार, इकडं घरात माणसं हायत, मोठं अंगण हाय. मी म्हटलं, आधी यांना विचारते. तर म्हणतात, लकवा झाल्यापासून त्याला वाचा नाय, त्याला काय विचारायचं, त्याला कुठं कळतंय.

हर्षाली : अण्णा टाइप करतात हे सांगितलं नाहीस?

मीना : सांगितलं की. हसले नायत, पण पटलंही नाय. म्हणाले, बोटं आपटत असेल. जन्मभर कोर्टाबाहेर बसून या माणसानं दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. तोंड गेलं, उजवा हात गेला, पण मराठीची एकेक कळ अजून त्या बोटात हाय. आज जायचं का नाय ते हेच सांगतील. भाऊजी नाय, आणि मी पण नाय.

हर्षाली : ठीक आहे. मग नीट ऐक. कॉम्प्युटरच्या मागून एक वायर निघते. तिच्या टोकाला काळी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी. कीबोर्डला वायर नाही, म्हणून तो जे पाठवतो ते ही डबी पकडते. सापडली?

मीना : सापडली. मॉनिटरच्या मागं पडलीये.

हर्षाली : तिची वायर कॉम्प्युटरमधून उपटून काढ. थोडं थांब. मग परत त्याच खाचेत बसव.

मीना : फोन कानाशी धरून नाय जमायचं. तुला स्पीकरवर टाकते... हां. काढली. बसवली.

हर्षाली : आता डबीवर एक बटण आहे ते दाब. लगेच कीबोर्ड उलटा करून खालचं बारीक बटण दाब, पेनाच्या टोकानं. दोघांची ओळख नव्यानं करून द्यायची.

मीना : अहो, द्या जरा इकडं. लगेच देते परत. नेत नाय कुठं, सोडा ना... दाबलं. हे पण दाबलं. डबीवरचा दिवा लुकलुकला.

हर्षाली : आता कुठलीही कळ दाबून बघ.

मीना : आला. क आला, हर्षा.

हर्षाली : मग झालं तर.

मीना : थांब, यांच्या हातात देते आधी. मारा बघू... नाय. टेबलाशी उभं राहून मारलं तर येतं, पलंगावरून नाय येत.

हर्षाली : परवापर्यंत तिथूनच येत होतं ना? मग मधे काय हलवलंस?

मीना : मी कशाला हलवू? काल शेजारची भागीबाई आली होती हाताखाली. भाऊजी येणार म्हणून टेबल पुसलं. वायरींचा गुंता दिसायला नको म्हणून सगळं मागं सारलं... मीच सारलं गं.

हर्षाली : आणि डबी आत्ता कुठे आहे?

मीना : होती तिथंच ठेवली परत.

हर्षाली : म्हणजे मॉनिटर मधे, सीपीयूचा लोखंडी डबा मधे. अण्णा कितीही दाबोत, त्यातून ते जायचं नाही. ती पुढे काढ, लाकडावर ठेव, वायर पुरेल तितकी पलंगाजवळ.

मीना : मोरीतलं लाकडी स्टूल आणते. थांब, खाली गाडीचा आवाज आला.

चिमाजी : वहिनी, झाली का तयारी? दादाचे कपडे कुठंशी हायत? डायवर खालीच थांबलाय.

मीना : या भाऊजी. हे स्टूल धरा जरा. असं, पलंगाच्या अंगाला. वायर ताणू नका.

चिमाजी : धरलं. पर ह्ये काय चाललंय?

मीना : यांना विचारायचं चाललंय.

चिमाजी : वहिनी, राग मानू नका. मला का हौस हाय त्याला उचलून न्यायची? पर तुम्ही एकटीनं किती दिस वढायचं? त्याला काय, हितं बी पलंग, तिथं बी पलंग.

हर्षाली : काका, मी हर्षाली बोलतेय फोनवरून. थोडं थांबा. अण्णांना सांगू द्या.

चिमाजी : थांबतो की बाई. दोनाला तुमच्याकडची लाइट जाती, त्याच्या आत काय ते होऊ द्या.

मीना : अहो, इकडं बघा. भाऊजी न्यायला आलेत, घोटीला. जायचं का राहायचं, ते तुम्ही सांगा. जे सांगाल ते होईल. मी मधे बोलणार नाय. सावकाश मारा.

(सावळीराम, म्हणजे अण्णा, डाव्या हाताच्या एका बोटानं कळा दाबू लागतो. खोलीत तेवढाच आवाज.)

हर्षाली : आई, येतंय का काही?

चिमाजी : येतंय. च आला... चिमा. माझं नाव लिवलं दादानं.

मीना : तुम्हीच वाचा भाऊजी. मोठ्यानं वाचा, तिला ऐकू जाऊ दे.

चिमाजी : चिमा... मला... कळतं.

मीना : वाचा.

चिमाजी : वाचतो, वहिनी. जरा दमानं घ्या... मी... येतो.

हर्षाली : काय म्हणाले?

मीना : येतो म्हणाले.

हर्षाली : असं कसं? आई, परत विचार. नीट विचार त्यांना.

मीना : नीटच विचारलं होतं. अहो, माझं काही चुकलं का? काही कमी पडलं?

चिमाजी : थांबा वहिनी, लिवतोय अजून. मीना... रात्री... झोपत नाही. मी जागा असतो... मला दिसतं.

हर्षाली : आई? आई, बोल ना काहीतरी.

चिमाजी : तुझी आई खाली बसलीये, पोरी. दादाचा हात धरून. आता त्याला लिवताच येईना.

मीना : सोडला हात. लिहा तुम्ही.

चिमाजी : दर... रविवारी... ये. बास. थांबला. वहिनी, काल फोनवर मी जे बोललो ना—

मीना : राहू द्या ते. कपडे त्या निळ्या पिशवीत हायत. आणि कॉम्प्युटर पण जाईल यांच्याबरोबर.

चिमाजी : जाऊ दे की. पुढच्या सोप्यात टेबल हाय, त्याच्यावर मांडू. मला तेवढं बटणाचं दाखवून ठेवा.

मीना : मी आत्ता येते तुमच्याबरोबर, मांडूनच देते. फक्त पडदा दाराकडं तोंड करून नको ठेवायला, भाऊजी. उजेड पडला की यांना अक्षरं दिसत नायत.